कोरडं फडकं

उमरग्यात आमच्या तेलाच्या शेडमध्ये दुपारचं ऊन कधी जमिनीपर्यंत पोचायचंच नाही. छपराला दोन जागी प्लास्टिकचे पत्रे होते, पिवळे पडलेले. त्यांतून ऊन आत यायचं आणि करडईच्या फोलाच्या धुळीत मधेच तरंगत राहायचं. खाली मशीन चालू असायचं. पट्ट्याचा आवाज, पेंड पडण्याचा आवाज आणि या सगळ्याखाली तेलाची बारीक धार. तिचा आवाज यायचा नाही, पण ती आहे हे कळायचं. मी दारापाशी करडईच्या पोत्यावर बसून उघड्या डोळ्यांनी झोपायची. गिऱ्हाईक आलं की उठायची, डबा भरून द्यायची, पुन्हा पोत्यावर. संसाराची कितीतरी वर्षं मी अशी अर्धवट झोपेत काढली आणि खरं सांगायचं तर ती काही वाईट नव्हती.

मशीन सासऱ्यांचं. त्यांना मी मामा म्हणायची. कपाळाला विभूतीचे पट्टे, अंगात बंडी. ती बंडी मूळची पांढरी असावी, असा आमचा आपला अंदाज. मामा गिऱ्हाइकाशी मराठीत बोलायचे आणि मशीनशी कानडीत. मशीन अडलं की कानडीत त्याची समजूत काढायचे आणि ते चक्क ऐकायचं. लकव्यानं उजवा हात लुळा पडला तेव्हापासून मात्र ते स्टुलावर बसून नुसतं बघायचे. पाना धरायचं काम माझ्या नवऱ्याकडे आलं. त्याचं हायवेला टायरचं दुकान होतं, त्यामुळे त्याचं अंग शेडमध्ये असलं तरी कान रस्त्याकडेच असायचे.

मग पुली सटकायला लागली.

मोटारीचा पट्टा मशीनच्या मोठ्या शाफ्टवरची पुली फिरवतो आणि पुली शाफ्टला फिरवते, एवढंच ते गणित. मामांची जुनी पुली चावी ठोकून बसवलेली होती. ठोकून ठोकून शाफ्टची खाच झिजली, तेव्हा दुकानदारानं नव्या धाटणीची पुली दिली. तिच्यात एक वेगळा बुश येतो. एका अंगाला चिरलेली, बाहेरून निमुळती अशी जाड लोखंडी कडीच ती. ती शाफ्टवर चढवायची, पुलीच्या निमुळत्या भोकात बसवायची आणि दोन बिनडोक्याचे स्क्रू षटकोनी चावीनं आवळत न्यायचे. बुश आत ओढला जातो, आत जाता जाता मिटत जातो आणि शाफ्टला गच्च धरतो. घणाचं कामच नाही. दुकानदारानं दोनच गोष्टी बजावल्या होत्या.

"कोरडं पुसून बसवा. आन लई आवळू नका, पुली तडकंल."

नवऱ्यानं पुसून बसवली. थोडे दिवस बरं चाललं. मग एकदा भर घाण्यात शाफ्ट थांबला आणि पुली नुसतीच त्याच्यावर गरगर फिरत राहिली. कानात सुया टोचाव्यात असा आवाज, जळका वास. माझी झोप तर गेलीच, समोरच्या चहावाल्याचं गिऱ्हाईकही उठून बघायला आलं. नवऱ्यानं बुश काढला, पुसला, बसवला. पुन्हा तेच. आणखी पुसला, आणखी आवळला. रिकामं असताना छान फिरायचं, पण करडई पडली आणि भार आला की सटकायचं.

"अप्पा, शाफ्ट झिजलाय," तो शेवटी मामांना म्हणाला. "ह्यात आता राम न्हाय. काढून टाकू."

दोन गिऱ्हाइकं होती. एक भंगारवाला. तो म्हणाला, इथंच गॅसनं कापतो आणि तुकडे वजनावर नेतो. दुसरं एक जोडपं होतं, सीमेपलीकडच्या कानडी गावातलं. त्यांना मशीन चालवायला हवं होतं. पण भरलेलं मशीन डोळ्यांदेखत चालवून दाखवा, नाहीतर आम्ही आल्या वाटेनं परत, असं त्यांनी फोनवर सरळ सांगितलं. ते सोमवारी येणार होते. त्यांच्यासमोर पुली सटकली असती तर मंगळवारी भंगारवाला येणारच होता.

मामा स्टुलावर बसून ऐकत होते. मग मशीनच्या अंगावर डावा हात ठेवला.

"इकायचं तर इक. म्या आडवा येत न्हाय. माझा हात गेला, तुझं मन न्हाय, कोण चालीवनार? पण मशीन म्हणून जाऊ दे बाबा. कापून वजनावर नको."

नवरा नुसता बरं म्हणाला. मला त्या 'बरं'चा असा राग आला की रात्रीची भाकरी मी मुद्दाम जाड थापली. म्हातारा माणूस मशीन मागत नव्हता. ते धडपणी दारातून बाहेर जावं, एवढंच मागत होता. आणि तेवढंही होईल असं मला वाटत नव्हतं.

शनिवारी माझी आई आली, बेंबळीहून. बेंबळीला आमचं माहेर, कोरडवाहू शेती, ज्वारी आणि तूर. आई एसटीतून उतरली ती घामाघूम. मोरीवर जाऊन तोंडावर पाणी मारलं, दोरीवरचा टॉवेल घेतला, तोंड पुसलं आणि तशीच उभी राहिली.

"अगं, ह्यानं तोंड पुसता का भजी तळता?"

मी हसले. टॉवेल त्याच सकाळी धुतलेला होता. मी तिला दुसरा दिला. तिनं तो गालाला लावला, बोटांत चोळला, माझ्याकडे बघितलं आणि घडी घालून परत दिला. मग स्वतःच्या पदरानं तोंड पुसलं.

"बाई, तुमच्या घरात कोरडं फडकं हाय का न्हाय एक तरी?"

लग्न होऊन आले तेव्हा मलाही हे कळायचं. तेव्हा या घरातली कडी हातातून निसटायची, पुस्तकाची पानं एकमेकांना चिकटायची, उशीला करडईचा वास यायचा. पहिल्या वर्षी तर मी बेंबळीच्या धुळीची आठवण काढून रडायची, हे कुणाला सांगितलं तर हसेल. मग कधीतरी कळायचं बंद झालं. तेल आम्हाला दिसेना, लागेना, त्याचा वासही येईना. आमच्या घरात धुतलेलं म्हणजे कोरडं आणि पुसलेलं म्हणजे स्वच्छ.

चहाचं आधण ठेवता ठेवता माझा हात थांबला. दुकानदार काय म्हणाला होता? कोरडं पुसून. आम्ही पुसलं कशानं? याच फडक्यांनी.

मी गॅस बंद केला आणि तशीच शेडमध्ये गेले. मामांना सांगितलं तर ते चिडले. एरवी माझ्यावर कधी आवाज न चढवणारा माणूस.

"माझ्या घरात कोरडं फडकं न्हाय? आगं, तुझी सासू सोड्यात उकळून धुयाची कपडे!"

"मामा, आई म्हणती. तिला कळतंय, आपल्याला न्हाय कळत."

"तुझी आई ज्वारी पिकिवती. तिला तेलातलं काय कळतंय?"

आई दारातून हे ऐकत होती. व्याह्यांना उलट बोलायची तिची रीत नव्हती. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलं आणि मला दिलं. मी नवऱ्याचा पुसायचा कपडा त्या कागदावर दाबला. मग धुतलेला टॉवेल दाबला. मग हट्टानं घरात जाऊन कपाटातलं नवं कोरं धडपं आणलं, अजून घडीसुद्धा न मोडलेलं, आणि तेही दाबलं. कागद उन्हाकडे धरला. तीन डाग होते, त्यांतला एक अगदी फिकट, आणि तिन्हींतून छपराचा पिवळा उजेड आरपार येत होता. आम्ही सगळे मान वर करून त्या कागदाकडे बघत राहिलो. मला ते फार सुंदर वाटलं, हे सांगायला हवं. आपण इतकी वर्षं ज्यात राहतो ते एकदाचं दिसलं होतं.

मामा कागदाकडे बघता बघता हळूच हसले. "व्हय की," म्हणाले.

मग बुश काढला. काढायची युक्ती मामांनी नवऱ्याचं बघून बघून पाठ केली होती, हातानं कधी केलं नव्हतं. नवरा हायवेच्या दुकानात होता, म्हणून ते सांगत गेले, मी करत गेले. बुशच्या तोंडावर तीन भोकं असतात आणि प्रत्येक भोक निम्मं बुशमध्ये, निम्मं पुलीत. दोन भोकांत स्क्रू असतात, तिसरं रिकामं. दोन्ही स्क्रू काढायचे आणि त्यातलाच एक रिकाम्या भोकात फिरवत न्यायचा. तो तिथं बुशला उलटा ढकलतो. मी चावीवर जोर देत होते, काहीच होईना, आणि मग आतून 'टक्' असा आवाज आला. दात निघाल्यावर जीभ जशी तिथं मोकळी फिरते, तसा बुश शाफ्टवर सैल झाला.

पुढचं काम आईचं. तिनं बुश, पुली आणि स्क्रू मोरीवर नेले, चुलीतली राख चाळून घेतली आणि कढत पाण्यानं सगळं घासलं. लग्नाच्या पंगतीची कढई घासावी तसं घासत होती. राखेचा कण राहू नये म्हणून पुन्हा पुन्हा कढत पाणी ओतलं. पुलीच्या भोकात बोट फिरवून बघितलं, नाक मुरडलं, पुन्हा राख. शाफ्टसुद्धा राखेनं घासून धुतला. शेवटी पिशवीतून वडिलांच्या जुन्या धोतराचा तुकडा काढला. तो ती एसटीत डोक्याला बांधायला आणते. त्याला बेंबळीच्या उन्हाचा वास होता. मी तो नाकाला लावला आणि क्षणभर कुठं आहे तेच विसरले.

बुश आणि पुली गच्चीवर सुकत ठेवले, ज्वारीच्या पापड्यांशेजारी. मी राखण करायला बसले. खरं म्हणजे राखण करायची गरज नव्हती, कावळा काही बुश नेत नाही. पण मला उठवेना. बुश उन्हात पांढरट दिसत होता, नदीतल्या दगडासारखा. हायवेवरून ट्रक जात होते आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा शेडमधून काही आवाज येत नव्हता. मला वाटलं, मशीन झोपलंय आणि त्याचं एक हाड काढून आम्ही वाळत घातलंय. असले विचार मी कुणाला सांगत नाही.

संध्याकाळी बसवायला घेतलं. मामांनी स्वतःचे हात राखेनं आणि बेसनानं कोपरापर्यंत धुऊन घेतले. डावा स्वतः धुतला, उजवा मी. ते तळवे उलटसुलट करून बघत बसले.

"लई पांढरे झाले की," म्हणाले. "पावण्याचे वाटतेत."

डाव्या हातानं त्यांनीच बुश पुलीत ठेवला, भोकं भोकांसमोर आणली आणि जोडी शाफ्टवर सरकवली. फक्त स्क्रूच्या आट्यांना तेलाचा एक थेंब चालतो. तो थेंब त्यांनी असा लावला की जणू परवानगी मिळालेल्या पोरानं गूळ खावा. मोटारीची पुली आणि ही पुली एका रेषेत आहे का ते दोरी ताणून बघितलं. मग मी चावी घेतली. इकडचा थोडा, तिकडचा थोडा. लाकडाचा ठोकळा ठेवून बुशवर हलकेच ठोकायचं आणि पुन्हा आवळायचं. दर वेळी थोडी जागा मिळायचीच. मला भीती होती ती तडकायची. पुली तडकली असती तर सोमवारपर्यंत दुसरी कुठून आणायची? माझ्या मनगटाला कळ लागली. मामांनी त्यांचा लुळा हात उचलून माझ्या हातावर ठेवला. त्या हाताला काही कळतं की नाही ते मला ठाऊक नव्हतं, आणि मी विचारलंही नाही.

"आजून जरा," ते म्हणाले. "जरासं. बास. काढ हात."

रिकाम्या भोकात धूळ बसू नये म्हणून ग्रीस भरलं. थोडा वेळ हलका भार देऊन चालवलं, बंद केलं आणि स्क्रू पुन्हा तपासले. जरा फिरले, मग जागच्या जागी थांबले.

सोमवारी ते जोडपं आलं. त्यांच्यातला नवरा मुकाट्यानं मशीनभोवती फिरत होता आणि बायको विचारायचं ते सगळं विचारत होती, कानडीत. माझ्याच वयाची असेल. मामांनी तिला कानडीत आणि आम्हाला मराठीत असं सगळं समजावलं. माझा नवरा दारात फोन हातात घेऊन उभा. मी त्याला म्हटलं, तो फोन खिशात ठेवा आधी. त्यानं ठेवला.

करडईचं पोतं वर ओतलं. मोटार चालू झाली, पट्टा ताणला, पुली फिरली. सुरुवातीला फिरतेच, मला माहीत होतं. दाणे आत गेले आणि भार आला तसा आवाज जड झाला. इथंच सटकायची. मी डोळे मिटून घेतले. पट्टा, पेंड, आणि त्याखाली काहीतरी बारीक, ज्याचा आवाज येत नाही. मी डोळे उघडले तेव्हा पहिली पेंड वळून खाली पडत होती आणि त्या बाईचं बोट तेलाच्या धारेखाली होतं. तिनं ते चाखलं, नवऱ्याकडे बघून मान हलवली. पोतं संपेपर्यंत पुली एकदाही सटकली नाही. मामा पुलीकडे बघत नव्हते. ते त्या बाईकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. मलाही आलं. विकायला काढलेलं मशीन नीट चालतंय म्हणून आम्ही दोघं रडत होतो, आता याला काय म्हणावं!

सौदा ठरला, टेम्पो आला. मशीन दारातून बाहेर काढायला पुली उतरवणं भाग होतं. मामा म्हणाले, "म्या काढनार." स्टूल पुढं ओढलं. दोन्ही स्क्रू डाव्या हातानं काढले, एक रिकाम्या भोकात लावला. फिरवत नेला, पण बुश काही सुटेना. माझ्या नवऱ्यानं हातोडा उचलला.

"खाली ठेव त्ये."

नवऱ्यानं ठेवला. मामांनी दम घेतला, पुन्हा चावी लावली, सगळं अंग डाव्या खांद्यावर टाकलं. टक्. बुश सुटला. त्यांनी तो काढून त्या बाईच्या ओंजळीत दिला आणि बसवताना काय करायचं, काय नाही, ते कानडीत सांगू लागले. मला थोडंफार कळत होतं. शेवटी तिचं मनगट धरून म्हणाले, "एण्णी ब्याड." तेल नको. आयुष्यभर तेल काढलेला माणूस हे सांगत होता. आईनं धोतराचा तो तुकडा बुशभोवती गुंडाळून दिला.

टेम्पो गेल्यावर नवऱ्यानं शेड झाडून घेतली. आता तिथं त्याचे टायर असतात. काही दिवसांनी घरातला तेलाचा शेवटचा डबाही रिकामा झाला. मी दुकानातून पिशवी आणली. या घरात विकतचं तेल पहिल्यांदाच आलं. पिशवी कात्रीनं कापताना मला चोरी केल्यासारखं वाटलं. मामांचं जेवण मात्र कमी झालं. दही-भाकरी, चटणी-भाकरी, भाजी तशीच ताटात. विचारलं की म्हणायचे, भूक न्हाय.

दिवाळीच्या अलीकडे एक जीपवाला दारात थांबला आणि पाच लिटरचा कॅन ठेवून गेला. पलीकडच्या बाईनं पाठवलाय, एवढंच म्हणाला. मी मामांना काही सांगितलं नाही. वांगी चिरली, नव्या तेलात फोडणी दिली, ताट वाढलं आणि पाणी भरायचं निमित्त करून तिथंच घुटमळत राहिले. त्यांनी डाव्या हातानं घास मोडला, भाजीला लावला, तोंडात घातला. चावता चावता थांबले.

"हे दुकानाचं न्हाय."

"न्हाय मामा."

त्यांनी बोटाला लागलेलं तेल अंगठ्यानं चोळून बघितलं.

"म्हंजी चालतंय तिथं."

"चालतंय."

त्यांनी घास गिळला आणि ताट माझ्याकडे सरकवलं. "मग वाढ की आजून. येवढ्यानं काय हुतंय?"